मुदतबाह्य औषधे : बचत की जोखीम?

आमच्या औषध विभागात रुग्णांचे नातेवाईक वारंवार एक प्रश्न विचारतात. डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेल्या गोळ्या घरी शिल्लक आहेत, मुदत दोन वर्षांपूर्वी संपली आहे. त्या घेतल्या तर चालतील काय? औषधोपचाराचा खर्च पाहता हा प्रश्न स्वाभाविक आहे. काही दातेही सद्भावनेने अशी औषधे रुग्णालयास देऊ करतात. म्हणून या विषयाची माहिती येथे थोडक्यात देत आहोत.

वेष्टनावर छापलेली मुदत ही उत्पादकाने दिलेली हमी असते. सांगितल्याप्रमाणे साठविल्यास औषधाची शुद्धता व परिणामकारकता तोपर्यंत टिकेल, एवढाच तिचा अर्थ. महिना व वर्ष छापलेले असल्यास त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरावा.

त्यानंतर औषधाचे लगेच विष होते, हा समज बरोबर नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या साठ्यातील औषधे तपासण्याची योजना १९८६ मध्ये सुरू केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १२२ औषधांच्या ३,००५ उत्पादन-गटांपैकी ८८ टक्के गटांची मुदत किमान एक वर्षाने वाढविता आली. परंतु ती औषधे मूळ बंद वेष्टनात व योग्य तापमानात ठेवलेली होती आणि प्रत्येक गटाची प्रयोगशाळेत तपासणी झाली होती. एकाच औषधाच्या निरनिराळ्या गटांतही फरक आढळला. आपल्या घरातील अर्धी कापलेली, उन्हाळा-पावसाळा सोसलेली पट्टी कोणी तपासलेली नसते. त्यामुळे ती हमी आपल्याला लागू करता येत नाही.

खरा धोका बहुधा विषबाधेचा नसून औषध ऐनवेळी अपुरे पडण्याचा असतो. छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी, मधुमेहाचे इन्सुलिन, तीव्र ॲलर्जीवरील ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन यांची शक्ती उणावली तर जिवावर बेतू शकते. अपस्माराच्या औषधाचा प्रभाव घटल्यास झटका येऊ शकतो. प्रतिजैविक अपुरे पडले तर संसर्ग बळावतो व जंतू औषधास दाद देईनासे होतात. पाणी घालून तयार केलेले मुलांचे प्रतिजैविक औषध लेबलवर दिलेल्या दिवसांतच संपवावे. डोळ्यांत घालावयाचे थेंब बाटली उघडल्यापासून साधारणतः महिन्याभरानंतर वापरू नयेत, मग छापील मुदत कितीही पुढची असो. क्वचित प्रत्यक्ष अपायही होतो. जुन्या, खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडास इजा झाल्याची उदाहरणे १९६३ मध्ये अमेरिकेत नोंदली गेली.

दात्यांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाविषयी १९९६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णांना दिलेली व परत आलेली औषधे दान करू नयेत, तसेच दान पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा त्यांचा आशय आहे. जे औषध आपण स्वतःच्या मुलास देणार नाही, ते गरीब रुग्णास देणे न्यायाचे ठरत नाही. शिवाय जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये मुदतबाह्य औषधे रुग्णालयास पिवळ्या पिशवीतून विल्हेवाटीसाठी पाठवावी लागतात. म्हणजे अशा दानाचा जमेच्या बाजूस काहीच लाभ नाही, खर्चाच्या बाजूस मात्र भर पडते.

तेव्हा वाचकांस नम्र विनंती, की दर सहा महिन्यांनी घरातील औषधांची पेटी तपासावी. पट्टीवरील मुदतीचा भाग शेवटपर्यंत कापू नये. मुदतबाह्य औषधांची विल्हेवाट औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने लावावी. ती मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. चुकून एखादी गोळी घेतली गेल्यास घाबरून न जाता वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे यावे. आणि केवळ पैशांअभावी जुने औषध घेण्याची वेळ कोणावर आली, तर त्यांनी संकोच न बाळगता प्रथम आमच्या समाजसेवा कक्षात यावे. दात्यांनी दिलेला औषधनिधी त्याचसाठी आहे.