खाण, गाव आणि मधला माणूस



शिक्षक, नर्स, तलाठी, वनरक्षक, पोलीस. आपल्या पाड्यांतून शिकून पुढे आलेल्या मुलामुलींना नोकरी म्हटली की एवढीच नावे आठवतात. धारणी-चिखलदऱ्याहून येऊन राजापेठेत खोली करून राहणारी मुलेही याच परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेली असतात. ही कामे चांगलीच आहेत. पण या पाठात आपण एका वेगळ्या कामाची ओळख करून घेणार आहोत. ते काम आपल्या लोकांविषयीचे आहे आणि आज ते बहुतेक बाहेरची माणसे करतात.

विदर्भाच्या पूर्वेला चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळच्या वणी भागात कोळसा आहे, तर गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात लोहखनिज आहे. खाण आली की जमीन जाते, रस्त्यावर ट्रक येतात, सुरुंगाने भिंतींना तडे जातात, विहिरीचे पाणी खाली जाते. काहींना नोकरी लागते, काहींच्या हाती काहीच येत नाही. या सगळ्याची नोंद घेणे, गावाचे म्हणणे कंपनीला व सरकारला कळवणे, नुकसान टाळणे, टळले नाही तर भरपाई व पुनर्वसन नीट होते की नाही हे पाहणे, हे एक स्वतंत्र काम आहे. त्याला सामाजिक परिणाम व्यवस्थापन किंवा जनसंपर्काचे काम म्हणतात. गावकरी त्या माणसाला सरळ 'कंपनीचा माणूस' म्हणतात. तो नेमका कोणाचा माणूस असावा, हाच या पाठाचा खरा प्रश्न आहे.

मेळघाटात मोठी खाण नाही, मग आम्हाला याचे काय, असे कोणी विचारील. पण व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली, ते पुनर्वसनच होते. धरण असो, अभयारण्य असो की खाण असो, घरे मोजणारा, कागद समजावणारा आणि तक्रार लिहून घेणारा माणूस सगळीकडे लागतो.

एका घराचा हिशेब

हे काम किती बारकाईचे आहे ते एका उदाहरणाने पाहू. समजा, कोळसा खाणीत एका घराची पाच एकर जमीन जाते. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा वारले, फेरफार झालेला नाही. तीन भाऊ, लग्न होऊन गेलेली एक बहीण आणि आई असे वारस आहेत. शिवाय दोन एकर वनजमीन हे घर पिढ्यान्‌पिढ्या वाहते, पण तिचा वनहक्क दावा प्रलंबित आहे. त्यांच्या शेतात राबणारे एक भूमिहीन कुटुंब शेजारी राहते.

वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची नागपूरला मुख्यालय असलेली उपकंपनी आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरांमागे एका नोकरीचा विचार होतो. म्हणजे पाच एकरांना दोन नोकऱ्या, आणि भाऊ तीन. उरलेला एक एकर दुसऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या जमिनीशी जोडून आणखी एक नाव सुचवता येते, ही तरतूद त्या घराला कोणी सांगितली का? बहिणीचे नाव वारसांत आले का? हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे तिचे नाव सहज गळते. प्रलंबित दाव्याची दोन एकरे मोजणीत धरली का? आणि भूमिहीन शेजाऱ्याचे काय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या मोठी आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर मजुरी करून जगणारे, कूळ, कारागीर, जंगलातून वनोपज गोळा करून पोट भरणारे, हे सगळे तीत येतात. विधवा, घटस्फोटित व टाकून दिलेल्या स्त्रिया वेगळे कुटुंब धरल्या जातात. सज्ञान व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, लग्न झालेले असो वा नसो, वेगळे कुटुंब मानली जाते.

सर्वेक्षण करणारा दुपारी येतो. बायाबापड्या मोहफुले वेचायला गेलेल्या असतात. दारात जो पुरुष भेटतो त्याचे नाव लिहिले जाते आणि यादी बंद होते. पुढची वीस वर्षे त्या यादीवर भांडण चालते. म्हणून या कामातील पहिला धडा असा: यादीत सुटलेले माणूस पुढच्या प्रत्येक कागदातून सुटते.

कायद्याची पाने

या क्षेत्रात काम करणाऱ्याला पुढील गोष्टी तोंडपाठ हव्यात.

१. पेसा, १९९६. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. गौण खनिजांच्या पट्ट्यापूर्वी त्यांची शिफारस लागते. कोळसा, लोहखनिज यांसारखी प्रमुख खनिजे या शिफारशीत येत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा. अमरावती जिल्ह्यात धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत.

२. वनहक्क कायदा, २००६. वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य होईपर्यंत वनजमिनीवरून कोणालाही हटवता येत नाही. नियमांप्रमाणे ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात.

३. पर्यावरणीय जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीसाठी ती घ्यावी लागते. तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो, चित्रीकरण करावे लागते. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी असे त्यात म्हटले आहे.

४. भूसंपादन कायदा, २०१३. सामाजिक परिणाम निर्धारण सहा महिन्यांत पूर्ण करायचे असते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. मात्र कोळशाची जमीन बहुधा १९५७ च्या वेगळ्या कायद्याने घेतली जाते. तेथे ही संमती लागत नाही, पण भरपाई व पुनर्वसनाच्या २०१३ च्या तरतुदी २०१५ पासून लागू झाल्या आहेत.

५. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात ते स्थापन झाले. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के व लिलावाने पट्टा घेतलेल्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची असते. मूळ मार्गदर्शक सूचनांत किमान ६० टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला व बालकल्याण अशा कामांवर खर्च करण्यास सांगितले होते. पुढे हा वाटा वाढवण्यात आला. अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते.

तीन डोंगर

ओडिशातील नियमगिरी डोंगर डोंगरिया कोंध लोकांचे देवस्थान आहे. तेथे बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने वनमंजुरी नाकारली.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील पिलबारा येथे रिओ टिंटो या कंपनीने मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी जुकान घळीतील दोन गुहा सुरुंगाने उडवल्या. तेथे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या आणि तेथील आदिवासींना त्या गुहा पवित्र होत्या. कंपनीकडे कायदेशीर परवानगी होती. तरीही जगभर संताप झाला, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला आणि आणखी दोघा वरिष्ठांना पद सोडावे लागले. त्या दोघांपैकी एक व्यक्ती जनसंपर्काचे खाते सांभाळत होती. परवानगीचा कागद आणि लोकांची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने मोठमोठ्या कंपन्यांना शिकवले.

तिसरा डोंगर आपला, सुरजागड. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा मिळाला. या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे, जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि परिसरातील माडिया गावे जमतात. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून मात्र उत्खनन जोरात सुरू आहे. स्थानिक मुलांना रोजगार मिळाला, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. त्याचबरोबर रस्त्यांची चाळण, धूळ आणि अपघात हेही आले. विस्ताराची जनसुनावणी २०२२ मध्ये गडचिरोलीला झाली तेव्हा एवढ्या दूर गावकऱ्यांनी यायचे कसे, हाच आक्षेप आधी उभा राहिला.

आपण कोणत्या बाजूचे आहोत हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. पण तिन्ही डोंगरांत एक गोष्ट सारखीच आहे. गावाची भाषा, देव आणि वहिवाट जाणणारा माणूस निर्णयाच्या जागी किती लवकर बसतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

टेबलाच्या तीन बाजू

हे काम फक्त कंपनीतच मिळते असे नाही.

पहिली बाजू कंपनीची. पुनर्वसन अधिकारी, सामाजिक उत्तरदायित्व अधिकारी, तक्रार निवारण व जनसंपर्क अशी पदे असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे ही पदे वाढली. कोल इंडियाने व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी भरतीत समुदाय विकास ही स्वतंत्र शाखा ठेवलेली आहे.

दुसरी बाजू सरकारची. भूसंपादन व पुनर्वसन कार्यालये, जिल्हा खनिज प्रतिष्ठान, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पेसा समन्वयक, तसेच परिणाम निर्धारण करणाऱ्या संस्थांची सर्वेक्षण पथके.

तिसरी बाजू ग्रामसभेची. ही बाजू आपण विसरतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूची विक्री स्वतः केली. आपल्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने राखलेल्या जंगलातील सीताफळे बाजारात नेली. अशा ग्रामसभांना हिशेब लिहिणारा, नकाशा वाचणारा, अहवालातील खोट शोधणारा शिकलेला माणूस हवाच असतो. पगार कमी असेल, पण काम तेच आहे, फक्त खुर्ची समोरची आहे.

काय शिकावे

बारावीनंतर समाजकार्य (बीएसडब्ल्यू), समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र किंवा कृषी यांपैकी कशातही पदवी घ्यावी. पुढे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू), ग्रामीण विकास किंवा आदिवासी विकास हे विषय घ्यावेत. नागपूरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे मुंबई व तुळजापूर येथे अभ्यासक्रम आहेत. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. कायद्याची पदवी घेतलेल्यालाही येथे मोठी मागणी आहे. कोल इंडियासारख्या भरतीत कोणती पदव्युत्तर पदवी चालते हे जाहिरातीत स्पष्ट दिलेले असते. ते आधी वाचून मगच अभ्यासक्रम निवडावा.

पदवीबरोबर सातबारा, फेरफार, गाव नकाशा वाचता आला पाहिजे. संगणकावर तक्ता करता आला पाहिजे. इंग्रजी अहवालाचे चार ओळींत मराठी सांगता आले पाहिजे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही, ती तुमच्याजवळ आधीच आहे: कोरकू, गोंडी, माडिया किंवा कोलामी. जनसुनावणीत आजीबाई तिच्या बोलीत दहा मिनिटे बोलते आणि इतिवृत्तात 'विरोध नोंदवला' एवढेच उमटते. तिने सांगितलेला झरा, पाणवठा, देवाची जागा कागदावर आणणे हे तुम्हालाच जमेल.

जपायच्या गोष्टी

कोऱ्या कागदावर कोणाचा अंगठा घेऊ नये. हजेरीची सही संमतीची सही म्हणून वापरू देऊ नये. हजेरीचा व ठरावाचा कागद वेगळा ठेवावा. जे वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही, ते देऊ नये. 'साहेबांना विचारून शुक्रवारी सांगतो' म्हणावे आणि शुक्रवारी खरोखर जावे, उत्तर 'नाही' असले तरी जावे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, तारीख आणि पोच द्यावी. बायकांची बैठक त्यांच्या सवडीने, सायंकाळी घ्यावी. आपल्या नातेवाइकाचे प्रकरण आले तर ते दुसऱ्याकडे सोपवावे.

एक दिवस असा येतो की वरून सांगितले जाते, 'ठराव झाला असे लिहा,' आणि ठराव झालेला नसतो. त्या दिवशी नोकरी पणाला लागते. ती वेळ आली तर काय करायचे, हे नोकरी धरण्याआधीच मनाशी ठरवून ठेवावे. गावात शब्द एकदा गेला की कोणत्याही पदाने तो परत मिळत नाही.

अभ्यासासाठी

१. तुमच्या घराचा सातबारा किंवा वनहक्काचा दाखला पाहा. त्यावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत? कारण लिहा.

२. वरील उदाहरणातील घराच्या बाधित कुटुंबांची यादी करा. शेजारचे भूमिहीन कुटुंब कोणत्या आधारावर धराल?

३. तुमच्या गावातील पाच जागा लिहा, ज्या नकाशावर नाहीत पण गावाला महत्त्वाच्या आहेत. वडीलधाऱ्यांना विचारा.

४. दोघांनी मिळून करा: एकाने कंपनीचा अधिकारी व्हावे, दुसऱ्याने विहीर आटलेली शेतकरी बाई. दहा मिनिटांनी भूमिका बदला. काय बदलले ते वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.