रक्ताचा नमुना व नोंदीची दक्षता

गाईनें गाभ टाकला असतां ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपाताच्या शंकेनें पशुवैद्य तिचें रक्त प्रयोगशाळेकडे, प्रसंगीं पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवितात. धामणगाव बढे येथील गोपालकांस आम्ही सुचवितों कीं, संगणकांत प्रत्येक जनावराची नवी नोंद स्वतंत्र असावी: मालक, पत्ता, वय, गाभ टाकल्याची तारीख व कानांतील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक. चार गाईंचे नमुने एकदम गेले व क्रमांक चुकला, तर निरोगी गाय गोठ्याबाहेर जाईल व रोगी आंत राहील. कच्च्या दुधावाटें हा रोग माणसांसही होतो. यास्तव बिल्ला, नळी व अर्ज यांवरील क्रमांक स्वतः ताडून पाहावे. अहवाल येईपर्यंत ती गाय निराळी बांधावी व दूध उकळूनच घ्यावें.