आवृत्तीचा क्रमांक आणि वापरकर्त्यांचा विश्वास

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ वर, जिल्ह्याच्या सीमेलगत कनेरगाव नाका हे गाव आहे. देशातील महामार्गांची क्रमांकपद्धती २०१० मध्ये बदलण्यात आली. क्रमांक बदलल्याने रस्ता रुंद होत नाही की त्यावरील खड्डे बुजत नाहीत. क्रमांकाने केवळ ओळख पटते. संगणकीय साधनांच्या बाबतीत मात्र हा साधा भेद पुष्कळदा नजरेआड होतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आज ज्या ब्राउझरमधून, म्हणजेच न्याहाळकातून होतात, त्याच्या आवृत्तीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तीन महिन्यांत नवा क्रमांक

फायरफॉक्स या न्याहाळकाची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये निघाली. चौथ्या आवृत्तीस मार्च २०११ उजाडला. म्हणजे पूर्णांक बदलण्यास सुमारे दोन-तीन वर्षे लागत आणि नवा अंक म्हणजे मोठा बदल, अशी वापरकर्त्यांची समजूत दृढ झाली होती. त्यानंतर मोझिला या संस्थेने दर सहा आठवड्यांनी आवृत्ती काढण्याचे धोरण स्वीकारले आणि जून २०११ मध्ये पाचवी आवृत्ती आली. तयार झालेली सुधारणा वर्षभर अडवून न ठेवता लगेच लोकांपर्यंत पोचावी, हा त्यामागील हेतू होता. गुगलचा क्रोम या मार्गाने आधीच जात होता.

नाराजीची कारणे

वापरकर्त्यांची प्रतिक्रिया तीव्र होती. ती केवळ अंकांवरील रोष नव्हती. अनेक पूरक साधनांत ती कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतील, याची मर्यादा लिहिलेली असे. अंतर्गत रचनेत फारसा बदल नसतानाही केवळ अंक वाढल्यामुळे ती बंद पडत. मोठ्या कार्यालयांची अडचण याहून गंभीर होती. एका आवृत्तीची चाचणी पूर्ण होण्याआधीच दुसरी येई आणि जुन्या आवृत्तीस सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणे थांबे.

या तक्रारींची दखल घेतली गेली. जानेवारी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीबरोबर दीर्घ मुदतीच्या पाठबळाची स्वतंत्र शाखा सुरू झाली. तीत सुमारे वर्षभर नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नियमित मिळतात. पूरक साधनेही सर्वसाधारणपणे सुसंगत मानली जाऊ लागली.

संकेतस्थळे बांधणाऱ्यांसाठी धडा

क्रमांकावर विसंबण्याची चूक संकेतस्थळांनीही केली. ऑपेरा हा न्याहाळक २००९ मध्ये दहाव्या आवृत्तीस पोचला, तेव्हा काही संकेतस्थळे पहिलाच अंक वाचून त्यास ‘१’ समजत. अखेर ऑपेराला आपली ओळख ‘९.८०’ अशी सांगावी लागली. २०२२ मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांनी शंभरी गाठली, तेव्हा तीन अंकी क्रमांकाची चाचणी आधीच करून घ्यावी लागली. म्हणून अमुक क्रमांक आहे काय, असे न विचारता आवश्यक सुविधा उपलब्ध आहे काय, हे संकेतस्थळाने तपासावे, हा सर्वमान्य संकेत आहे.

गावपातळीवरील दक्षता

महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. विहित मुदतीत सेवा देण्याचे दायित्व असताना कनेरगाव नाक्यासारख्या गावी न्याहाळक अडला, तर तिष्ठतो तो अर्जदार. त्यासाठी कार्यालये व शाळांनी पुढील दक्षता घ्यावी.

१. ‘जुनेच बरे’ म्हणून अद्ययावतीकरण बंद करू नये. त्यातूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात.
२. संगणकप्रणालीही पाहावी. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती ही शेवटची ठरली. असा संगणक वरवर चालू असला तरी असुरक्षित असतो.
३. शक्य तेथे दुसरा न्याहाळकही बसवून ठेवावा, म्हणजे एक अडल्यास काम खोळंबत नाही.
४. अडचण कळविताना आवृत्तीचा क्रमांक, दिनांक आणि पडद्यावरील संदेश जसाच्या तसा नोंदवावा.

क्रमांकाचा खरा उपयोग या चौथ्या कामी आहे. नेमका दोष कोणत्या आवृत्तीत उद्भवला, हे त्यावरून दुरुस्ती करणाऱ्यास कळते. २०११ च्या अनुभवाचा बोधही हाच आहे. बदलाचा वेग लोकांना मानवतो. मात्र त्याची पूर्वसूचना, चाचणीस अवधी आणि तक्रारीस उत्तर या तीन गोष्टी त्याबरोबर मिळाल्या पाहिजेत.