घोड्याने निवडलेले गाव

आसामातील तेजपूर सोडून उत्तरेकडे निघालेली मोटार भालुकपोंग येथे पोहोचली, की सपाट प्रदेश संपतो. येथे अरुणाचल प्रदेशाची सीमा लागते. बाहेरच्या प्रवाशाला या राज्यात येण्यासाठी परवाना काढावा लागतो. तो तपासून झाला, की चढण सुरू होते आणि मग ती जणू संपतच नाही. प्रारंभी बांबूची बेटे आणि रानकेळी यांनी भरलेली दमट अरण्ये रस्त्याला बिलगून असतात. बोमडिला आले, की वाऱ्यात गारवा येतो. दिरांगच्या खोऱ्यात फळबागा दिसतात. त्यानंतर झाडे हळूहळू खुजी होत जातात, आणि शेवटी उरते ते केवळ गवत, खडक आणि त्यांच्यामध्ये संथपणे चरणारे केसाळ याक.

सुमारे ४,१७० मीटर उंचीवर सेला नावाची खिंड आहे. तिच्याजवळचे सरोवर हिवाळ्यात गोठून काचेसारखे होते. पूर्वी हिमवर्षाव झाला, की ही खिंड बंद पडे आणि पलीकडचा मुलूख देशापासून तुटल्यासारखा होई. आता खिंडीच्या खालून बोगदा खोदण्यात आला असून ९ मार्च २०२४ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. खिंडीपलीकडे उतरून जंग गाव ओलांडले आणि पुन्हा चढण चढली, की दूरच्या डोंगरसोंडेवर पिवळ्या छपरांची, किल्ल्यासारखी एक वास्तू दृष्टीस पडते. तोच तवांगचा मठ होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर वसलेले हे गाव या मठामुळेच सर्वदूर प्रसिद्ध झाले आहे.

या मठाच्या स्थापनेची एक आख्यायिका तेथील लोक मोठ्या आवडीने सांगतात. सतराव्या शतकात पाचवे दलाई लामा यांच्या इच्छेनुसार मेराक लामा लोद्रे ग्यात्सो हे मठासाठी जागा शोधत होते. पुष्कळ भटकूनही मनाजोगी जागा मिळेना. तेव्हा ते एका गुहेत ध्यानस्थ बसले. ध्यानातून उठून पाहतात तो त्यांचा घोडा जागेवर नाही! शोध घेता घेता तो एका डोंगरमाथ्यावर शांत उभा असलेला दिसला. हा दैवी संकेत समजून लामांनी तेथेच मठ बांधण्याचे ठरविले. स्थानिक भाषेत ‘ता’ म्हणजे घोडा आणि ‘वांग’ म्हणजे निवडलेले. घोड्याने निवडलेले स्थान ते तवांग. आख्यायिका सोडली, तरी १६८०-८१ च्या सुमारास मठ उभा राहिला, ही गोष्ट इतिहासाला मान्य आहे. भारतातील हा सर्वांत मोठा बौद्ध मठ मानला जातो.

मठात शिरण्याची वाट एका रंगीत वेशीखालून जाते. तिला ‘काकालिंग’ म्हणतात. मान वर करून पाहिले, तर तिच्या छतावर रेखाटलेली मंडले दिसतात. आत गेल्यावर दगडी फरसबंदीचे प्रांगण लागते आणि समोर ‘दुखांग’ हे तीन मजली सभागृह उभे असते. त्यात भगवान बुद्धांची भव्य सोनेरी मूर्ती आहे. तिच्यापुढे लोण्याचे दिवे अखंड तेवत असतात. भिंतींवरील चित्रे, खांबांना गुंडाळलेली रेशमी वस्त्रे आणि धुपाचा दरवळ यांमुळे आत पाऊल टाकणाऱ्याचा स्वर आपोआप खाली येतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विहार ही वस्तू अपरिचित नाही. अजिंठ्याच्या आणि कार्ल्याच्या डोंगरांत भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्या आजही दिसतात. परंतु तेथे दिवा लावणारे हात शतकांपूर्वीच निघून गेले. तवांगला मात्र विहार अजून नांदता आहे. पहाट होण्यापूर्वी शंखाचा आणि लांब कर्ण्यांचा नाद दरीत घुमतो. तांबड्या वस्त्रांतील भिक्षू रांगांनी येऊन बसतात आणि पाठ सुरू होतो. त्या रांगांच्या टोकाला आठ-दहा वर्षांची मुलेही असतात. थंडीने त्यांचे गाल लाल झालेले असतात, डोळ्यांवर झोप असते. तरीही ओठ पाठाबरोबर हलत असतात. मध्येच मोठ्या किटल्यांतून चहा येतो. हा चहा गोड नसतो. त्यात लोणी आणि मीठ घातलेले असते आणि तेथील थंडीत तोच अंगात ऊब आणतो.

ही मुले मोनपा लोकांची. मोनपा हे या खोऱ्याचे रहिवासी. शेती, पशुपालन आणि विणकाम हे त्यांचे जुने व्यवसाय. याकच्या केसांपासून केलेली, भोवती शेंड्या लोंबणारी त्यांची टोपी मोठी युक्तीची असते. पावसाचे पाणी त्या शेंड्यांवरून बाहेर निथळते आणि तोंड कोरडे राहते. ज्या घरात तीन मुलगे असतील, त्या घराने मधला मुलगा मठाला द्यावा, अशी त्यांच्यात पूर्वी चाल होती. थोरल्याने शेत पाहावे, धाकट्याने आईबापांजवळ असावे आणि मधल्याने विद्या सांभाळावी! निरोप देताना त्या मातेला काय वाटत असेल, याची कल्पना कोणत्याही घरातील मुलाला करता येईल. परंतु अशा असंख्य मधल्या मुलांनीच हा मठ तीनशेहून अधिक वर्षे जागता ठेवला आहे.

त्यांनी सांभाळले ते काय, हे मठाच्या ग्रंथालयात गेल्यावर कळते. लांबट आकाराची सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या आणि त्यांवर वस्त्राचे वेष्टन, अशा पोथ्यांनी तेथील फडताळे भरलेली आहेत. काही पोथ्या तर सोन्याच्या शाईने लिहिलेल्या आहेत. त्यांत ‘कांजूर’ आणि ‘तांजूर’ हे दोन महान संग्रह आहेत. कांजूर हा बुद्धवचनांचा तिबेटी अनुवाद. तांजूर हा त्यांवरील भाष्यांचा आणि शास्त्रग्रंथांचा संग्रह. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिबेटात गेले. अकराव्या शतकात बंगालचे दीपंकर अतीश गेले. त्यांच्यासारख्या पंडितांच्या श्रमांमुळे शेकडो संस्कृत ग्रंथ तिबेटीत उतरले. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाली आणि मूळ संस्कृत ग्रंथांपैकी कितीतरी नाहीसे झाले. आज ते केवळ तिबेटी अनुवादांच्या रूपाने वाचता येतात. भारताच्या मैदानातून हरवलेली विद्या हिमालयाने अशी जतन करून ठेवली.

पोथी टिकायची तर कागद चांगला हवा. तोही येथील लोक स्वतःच करीत. ‘शुगु शेंग’ या झुडपाची साल काढून ती वाळवीत; मग राखेच्या पाण्यात शिजवून कुटीत आणि तो लगदा कापडाच्या चौकटीवर पसरून उन्हात सुकवीत. या कागदाला ‘मोन शुगु’ म्हणतात. तो चिवट असतो आणि दीर्घकाळ टिकतो. एके काळी तो तिबेट आणि भूतान येथेही जात असे. पुढे स्वस्त कागद आला आणि ही कला जाणणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली. ती बुडू नये म्हणून खादी व ग्रामोद्योग आयोगाने २५ डिसेंबर २०२० रोजी तवांग येथे हा कागद तयार करण्याचे केंद्र सुरू केले. ग्रंथ जपणे जसे अगत्याचे, तसेच ग्रंथासाठी कागद करणारा हात जपणेही अगत्याचे आहे.

गावाजवळच उर्गेलिंग नावाचा एक लहानसा मठ आहे. सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचा जन्म १६८३ साली येथे झाला. ते मोठ्या पदावर चढले. पण त्यांचे मन कवीचे होते. १७०६ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची गीते मात्र आजही गायली जातात.

या शांत गावाने मोठी वादळेही पाहिली आहेत. १९५१ साली मेजर रालेंगनाव खाथिंग यांनी येथे भारतीय प्रशासनाची घडी बसविली. मार्च १९५९ मध्ये चौदावे दलाई लामा ल्हासा सोडून, बर्फाळ वाटा तुडवीत ३१ मार्च रोजी भारताच्या सीमेत आले. थकलेल्या त्या तेवीस वर्षांच्या अतिथीने प्रथम काही दिवस विसावा घेतला तो तवांगच्या परिसरात. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चिनी सैन्याने आक्रमण केले. २३ ऑक्टोबर रोजी बुम ला जवळच्या ठाण्यावर सुभेदार जोगिंदर सिंग आपल्या मूठभर सैनिकांसह अखेरपर्यंत लढले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. १७ नोव्हेंबर रोजी नुरानांग येथे रायफलमन जसवंत सिंग रावत यांनी प्राण वेचले. ते महावीरचक्राचे मानकरी ठरले. तवांग शत्रूच्या हाती पडले आणि अनेक कुटुंबे घरदार टाकून सखल प्रदेशाकडे निघाली. युद्धविराम झाला, चिनी सैन्य मागे गेले आणि माणसे आपापल्या घरी परतली. मठातील दिवे पुन्हा उजळले.

त्या युद्धात या विभागात कामी आलेल्या वीरांचे स्मारक गावात उभारलेले आहे. त्यावर २,४२० नावे कोरलेली आहेत. विशेष हे, की या युद्धस्मारकाचा आकार स्तूपाचा आहे. पंजाब, गढवाल, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या वीरांना येथील जनतेने आपल्या परंपरेतील सर्वांत पवित्र वास्तूच्या रूपाने वंदन केले, हेच त्यातून दिसते.

संध्याकाळ झाली, की दरीतून धुके वर येते आणि गाव दिसेनासे होते. वाटेवरून जाणारी एखादी वृद्ध स्त्री जाता जाता प्रार्थनाचक्राला हात लावते आणि ते फिरत राहते. वर मठाच्या खिडक्यांतून एकेक दिवा दिसू लागतो. आत कोणी लहानसा भिक्षू उद्याचा पाठ घोकत असतो. शेकडो वर्षांपूर्वी नालंदेच्या एखाद्या आचार्याने जे शिकविले, तेच शब्द तो एका परक्या वाटणाऱ्या भाषेत घोकतो आहे, याची त्याला कदाचित जाणीवही नसेल. परंतु त्याच्या मुखातून एक फार मोठा वारसा पुढच्या पिढीकडे चाललेला असतो. परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात बर्फाच्छादित शिखरांपेक्षाही तो इवलासा दिवा अधिक काळ राहतो.

स्वाध्याय

१. ‘तवांग’ या नावाची आख्यायिका तुमच्या शब्दांत सांगा.
२. अजिंठा-कार्ले येथील विहार आणि तवांगचा मठ यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
३. ‘भारताच्या मैदानातून हरवलेली विद्या हिमालयाने अशी जतन करून ठेवली.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. मोन शुगु कागद कसा तयार करतात, ते क्रमाने लिहा.
५. तुमच्या गावातील एखादी मागे पडत चाललेली कला किंवा कारागिरी शोधा. ती जाणणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटून दहा ओळी माहिती लिहा.