मर्यादित खर्चात खेळासाठी संगणक : भागांची निवड

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यालगत सीतापुरा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील विशेष आर्थिक क्षेत्रात रत्नांना पैलू पाडण्याचे आणि दागिने घडविण्याचे कारखाने आहेत. त्याच परिसरात अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाच्या संस्थाही उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे कारखान्यांच्या शेजारीच विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या दिसतात. अशा खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसा अभ्यासाला आणि सायंकाळी खेळाला उपयोगी पडेल असा संगणक हवा असतो. त्यासाठी हाती असलेली रक्कम बहुधा घरून आलेली किंवा महिनोन् महिने साठविलेली असते. ती एकदाच खर्च व्हायची असते आणि चुकीचा घेतलेला भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून ही खरेदी विचारपूर्वक झाली पाहिजे.

हा विचार कशाच्या आधारे करावा? दुकानात रंगीत दिव्यांनी झगमगणारे भाग मांडलेले असतात आणि प्रत्येकावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. परंतु संगणकाचा वेग कोणत्याही एका भागाच्या आकड्यावरून ठरत नाही. तो सर्व भागांच्या परस्पर प्रमाणावरून ठरतो. हे प्रमाण समजण्यासाठी पडद्यावरचे चित्र कसे तयार होते, ते प्रथम पाहू.

चित्राचा जन्म

खेळातील हालचाल ही वास्तविक स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत दोन कामे व्हावी लागतात. पहिले काम प्रोसेसरचे. खेळाडूने कोणती कळ दाबली, चेंडू कोठे गेला, भिंत आडवी आली काय, याचा तो हिशेब करतो. दुसरे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्या हिशेबानुसार पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ते ठरविते.

बिंदूंची ही संख्या लहान नसते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या सामान्य पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. त्यांपैकी पुष्कळांचे रंग एकाच वेळी, स्वतंत्रपणे काढता येतात. म्हणूनच ग्राफिक्स कार्डात शेकडो, किंबहुना हजारो लहान गणक बसविलेले असतात आणि ते एकत्र काम करतात. पुष्कळांनी मिळून काम करण्याचे हे तत्त्व मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यातही एका अतिवेगवान प्रोसेसरवर विसंबून न राहता अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामास लावले होते.

सर्वांत संथ भागाचा नियम

समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला ८ मिलिसेकंद आणि ग्राफिक्स कार्डाला २५ मिलिसेकंद लागतात. कार्ड एक चित्र रंगवीत असतानाच प्रोसेसर पुढच्या चित्राचा हिशेब करीत असतो. म्हणून स्थूलमानाने दर २५ मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे बाहेर पडतील. आता विद्यार्थ्याने अधिक पैसे मोजून दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतला, तर त्याचे काम ४ मिलिसेकंदांत उरकेल. पण चित्रे मात्र ४०च राहतील. तेच पैसे दुप्पट वेगाच्या कार्डावर खर्च केले, तर चित्रे ८० होतील. एकाच रकमेची दोन फळे इतकी भिन्न असू शकतात. खर्चाच्या निर्णयाचे मर्म येथे आहे: पैसा सर्वांत संथ भागावर घालावा.

आरंभ पडद्यापासून

यास्तव निवडीचा आरंभ मॉनिटरपासून करावा. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर सामान्य पडद्याच्या बरोबर चौपट बिंदू असतात, आणि तो सारा भार प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर पडतो. शिवाय सेकंदाला ६० वेळा बदलणारा पडदा ८० वेगवेगळी चित्रे पूर्णपणे दाखवू शकत नाही. बेताच्या खर्चात १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा निवडणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर आपण कोणते खेळ खेळणार, याची यादी करावी. सांघिक नेमबाजीचे पुष्कळ खेळ साध्या कार्डावरही सुरळीत चालतात. विस्तीर्ण प्रदेशांची बारीक चित्रे दाखविणारे खेळ मात्र कार्डाकडून पुष्कळ काम मागतात. कार्डाची स्वतःची स्मृतीही पाहावी. ती अपुरी पडली, तर सरासरी वेग चांगला असूनही चित्र मधूनमधून अडखळते. नवे कार्ड घेताना ८ गिगाबाइटपेक्षा कमी स्मृतीचे न घेणे बरे.

प्रोसेसर आणि त्याची बैठक

प्रोसेसर मदरबोर्डावरील ठराविक बैठकीतच बसतो. एएमडी कंपनीची एएम४ ही बैठक २०१६ साली आली आणि तिच्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४ सालीही निघाले. तिला डीडीआर४ जातीची रॅम लागते. २०२२ साली आलेल्या एएम५ बैठकीला डीडीआर५ रॅम लागते. जुनी बैठक सहसा स्वस्त पडते, तर नवीत पुढे प्रोसेसर बदलण्यास अधिक वाव असतो. कोणतीही निवडली, तरी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तिन्ही वस्तू परस्परांशी जुळतात, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करावी.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडेही लक्ष द्यावे. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये चित्रे काढणारा भाग अंतर्भूत आहे. रायझन ५ ५६०० मध्ये तो नाही. इंटेलच्या कोअर आय३-१२१००एफ यासारख्या नावातील 'एफ' हे अक्षरही असा भाग नसल्याचेच चिन्ह होय. असा प्रोसेसर घेऊन वेगळे कार्ड न घेतल्यास पडद्यावर काहीच उमटत नाही. उलट, ज्याच्याजवळ आज कार्डापुरते पैसे नाहीत, त्याने अंतर्भूत चित्रभागाचा प्रोसेसर घेऊन हलके खेळ खेळावेत आणि पुढील वर्षी कार्ड जोडावे.

रॅम आणि साठवण

१६ गिगाबाइट रॅम एकाच पट्टीत घेण्यापेक्षा ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पोहोचवू शकते. योग्य खाचांत बसविलेल्या दोन पट्ट्या ५१.२ गिगाबाइट पोहोचवितात. अंतर्भूत चित्रभाग हीच रॅम वापरीत असल्याने त्याला या वाढीचा विशेष लाभ होतो.

साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. तिच्यामुळे खेळ लवकर उघडतो. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या मात्र सहसा वाढत नाही. मोठ्या खेळांपैकी काही १०० गिगाबाइटहून अधिक जागा व्यापतात. म्हणून अतिवेगवान पण लहान एसएसडीपेक्षा मध्यम वेगाची, मोठ्या क्षमतेची एसएसडी अधिक उपयोगी पडते.

जेथे काटकसर करू नये

सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात पुष्कळदा तो कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट दिला जातो. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या स्थिर विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. तो बिघडला, तर त्याच्याबरोबर बोर्ड आणि कार्डही जाऊ शकतात. वेग न वाढविणारा हा भाग इतर सर्व भागांचे रक्षण करतो.

त्याची क्षमता बेरजेने ठरवावी. ६५ वॅट श्रेणीचा प्रोसेसर प्रत्यक्षात थोडी अधिक वीज घेतो, म्हणून त्याचे ८० वॅट धरावेत. आरएक्स ६६०० सारख्या कार्डाचे १३२ आणि उरलेल्या भागांचे सुमारे ४० वॅट धरले, तर बेरीज २५० वॅटच्या आसपास येते. कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते, हे ध्यानात घेऊन येथे ५०० ते ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घ्यावा. '८० प्लस' हे चिन्ह फक्त विजेची बचत सांगते. विजेचा दाब बेसुमार वाढल्यास किंवा तारा एकत्र चिकटल्यास संरक्षण मिळते काय, हे वेगळे पाहावे लागते. खोलीतील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे, याचीही खात्री करावी.

उन्हाळा आणि धूळ

जयपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर चढतो; विदर्भातील वाचकांना हा अनुभव आहेच. याचा भागांवर काय परिणाम होतो? तेवढेच काम करताना आणि पंखे त्याच गतीने फिरत असताना चिप खोलीपेक्षा साधारणपणे ठराविक अंशांनीच अधिक तापते. २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर राहणारी चिप ४२ अंशांच्या खोलीत सुमारे ९२ अंशांवर जाईल. पुष्कळ प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवितात. म्हणजे डिसेंबरात सुरळीत चाललेला खेळ मे महिन्यात रखडू शकतो.

यास्तव पुढे काचेचे बंद दार असलेल्या कॅबिनेटपेक्षा पुढे जाळी आणि धुण्याजोगी गाळणी असलेले कॅबिनेट घ्यावे. एक पंखा हवा आत घेणारा व एक बाहेर टाकणारा असावा. गाळणी उन्हाळ्यात दर पंधरवड्यास स्वच्छ करावी. पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. त्या हवेबरोबर ओलावा येतो आणि धुळीची पुटे घट्ट बसतात.

शंभर रुपयांची वाटणी

मॉनिटर व कळफलक वगळून उरलेले पैसे शंभर रुपये मानले, तर एक स्थूल वाटणी अशी करता येईल: ग्राफिक्स कार्ड ३८, प्रोसेसर १८, मदरबोर्ड १३, रॅम ११, एसएसडी ८, पॉवर सप्लाय ७ आणि कॅबिनेट ५. ही वाटणी अढळ नव्हे. २०२५ सालाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे रॅम जगभर महाग झाली. अशा वेळी तिचा वाटा वाढतो आणि इतर भागांना थोडे आवरावे लागते. यादी करावी, ती जुळते काय हे तपासावे, आणि दोन-तीन दुकानांतील भाव त्याच आठवड्यात, करासह विचारावे.

जुन्या कार्डांचा मार्गही आहे, पण तो जपून चालावा. पूर्वी इथेरियम हे आभासी चलन मिळविण्यासाठी असंख्य कार्डे अहोरात्र राबविली जात. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि त्यांतील पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घेताना ते अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा आणि हमीचा काळ उरला आहे काय, ते विचारावे. जुना पॉवर सप्लाय मात्र घेऊच नये.

रत्नाची किंमत केवळ त्याच्या वजनावरून ठरत नाही, हे सीतापुऱ्यातील कारागीर जाणतात. संगणकाचे मोलही एखाद्या मोठ्या आकड्यावरून करू नये. ज्याने आपला पडदा, आपले खेळ आणि आपली खोली ध्यानात घेऊन प्रत्येक भागाला त्याच्या कामाइतकेच पैसे दिले, त्याचा साधा दिसणारा संगणक पुष्कळ वर्षे सेवा देईल.

स्वाध्याय

१. एका चित्रासाठी प्रोसेसरला १० आणि कार्डाला २० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला किती चित्रे मिळतील?

२. २५६० गुणिले १४४० बिंदूंच्या पडद्यावर सामान्य पडद्याच्या किती पट बिंदू असतात?

३. ३०० वॅट वीज घेणारा संगणक रोज तीन तास चालविल्यास ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल?

उत्तरे: १. ५०. २. सुमारे १.७८ पट. ३. २७ युनिट.