ओंडका आणि भुसा

मे महिना सरत आला की शाळा, वसतिगृहे, सभागृहे आणि रस्त्यांच्या कडा येथे झाडांच्या छाटणीची घाई सुरू होते. पहिल्या वादळात फांदी कौलांवर वा विजेच्या तारांवर कोसळू नये, ही काळजी रास्तच आहे. परंतु फांद्या वाहून नेल्यावर मागे उरणारा भुसा, ढलप्या आणि सालीचे तुकडे यांकडे सहसा कोणी पाहत नाही. हा कचरा उताराच्या टोकाला, म्हणजेच ओढ्याच्या काठी लोटला जातो. ओढा त्या वेळी कोरडा असतो, त्यामुळे आपण काही बिघडवीत आहोत असे कोणालाच वाटत नाही. पुढे पहिला मोठा पाऊस येतो आणि तो ढीग पाण्याबरोबर निघून जातो.

येथे एक शंका साहजिक आहे. ओढ्यात पाने गळतात, वाळलेले खोड पडते, त्याच्या आडोशाला मासे आणि खेकडे राहतात. मग त्याच लाकडाच्या भुशाने काय बिघडते? याचे उत्तर शालेय गणितात सापडते. १० सेंटिमीटर बाजूचा लाकडाचा एक ठोकळा घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच १ सेंटिमीटरचे १,००० तुकडे केले, तर ते ६,००० होते. आणि १ मिलिमीटरचा भुसा केला, तर ६०,०००. लाकूड तेवढेच, पण पाण्याला भिडणारा भाग शंभर पट! म्हणून ओंडका जे वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने सोडतो, ते भुसा थोड्या दिवसांत सोडून देतो.

काय सोडतो? मुख्यतः टॅनिन व तत्सम तुरट द्रव्ये. चामडे कमावण्यासाठी बाभळीची साल वापरतात, ती या द्रव्यासाठीच. भिजलेल्या ढिगाखालून कोऱ्या चहासारखे पाणी झिरपताना दिसते, तो याचाच रंग. हिंगणाच्या किंवा गेळाच्या फळाने डोहातले मासे गुंगवण्याची जुनी रीत अनेकांना ठाऊक असेल. झाडातून आलेले सर्वच पाण्यातील जिवांना मानवते असे नाही, हे आपल्या वाडवडिलांना कळत होते. त्यात भर म्हणजे लाकडातून विरघळलेली द्रव्ये कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात मुळातच सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उन्हाळ्याच्या अखेरीस डोहात गुडघाभर पाणी उरलेले असताना त्यातही घट झाली, तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. बारीक भुसा तळाच्या दगडांमधील फटी बुजवतो, तो त्रास वेगळाच. खालच्या वस्तीत ओढ्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरणाऱ्या बाईला मात्र हे पाणी असे का झाले, ते कधीच कळत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. छाटणी शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावी. वळवाची चिन्हे असताना करवत चालवू नये. (घरटी पाहूनच फांदीला हात लावावा, हे वेगळे सांगावयास नको.) फांदी ओढ्यावर झुकलेली असेल तर ती दोरीने काठाकडे ओढून उतरवावी आणि तिचे तुकडे दूर सपाट जागी करावेत. खाली ताडपत्री अंथरली तर भुसा सहज गोळा होतो. यांत्रिक करवतीच्या साखळीचे तेल काम चालू असताना सतत उडत असते, तेही पुष्कळसे तिच्यावरच पडते. उताराला आडव्या, गवताने भरलेल्या गोण्या ठेवाव्यात. आवारातील गटाराचे तोंड विसरू नये. ते बहुधा ओढ्यातच उघडते. काठावर पाला जाळणे हा उपाय नव्हे, कारण राखही वाहूनच जाते.

कोरडा ओढा म्हणजे ओढा नव्हे, ही समजूत कायद्यालाही मान्य नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील प्रवाहाच्या व्याख्येत तूर्त कोरडा असलेला जलमार्गही येतो. तरीही माझ्या मते खरी अडचण ठेक्याच्या कागदात आहे. दर ठरतो तो झाड किंवा फांदी मोजून. भुसा उचलण्याची मजुरी त्यात धरलेलीच नसते. मग दिवसभर राबलेल्या मजुराने तो जवळच्या खळग्यात लोटला, तर दोष त्याचा कसा? काम देणाऱ्या संस्थेने ‘भुसा व ढलप्या गोळा करून दाखविलेल्या जागी टाकणे’ एवढी ओळ लिहावी आणि तिचे पैसे द्यावेत.

ती जागा आवारातच असू शकते. ढलप्यांचा दोन-तीन इंचांचा थर झाडांच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडा दूर, पसरला तर ओल टिकते. ताजा भुसा मात्र मातीत मिसळू नये. कुजताना तो मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. तो शेणात कालवून, ओढ्यापासून दूर, आच्छादनाखाली कुजवावा आणि पूर्ण काळा झाल्यावरच रोपवाटिकेत वापरावा.