लाकडी फळ्यांची फरशी : फळीआधी जमीन तपासा

घरातील जुन्या फरशीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या अंथरण्याचे काम आता लहान शहरांतही निघते आणि बहुधा ते फर्निचर करणाऱ्या सुताराकडेच येते. फळ्या कारखान्यात तयार झालेल्या, ८ किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात. खिळा नाही, सरस नाही. सर्व फळ्या मिळून एक अखंड चादर तयार होते आणि ती जमिनीला न चिकटता स्वतःच्या वजनाने पडून राहते. म्हणून तिला तरंगती फरशी म्हणतात. फळ्या जोडणे हुशार कारागीर एका दिवसात शिकतो. काम बिघडते ते खालच्या जमिनीमुळे, आणि नुकसान मात्र फळ्या बसवणाऱ्याच्या माथी येते. फळी फुगली की गिऱ्हाईक उरलेले पैसे अडवून धरते.

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्हा दुष्काळी, मग येथे ओल कसली, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडील मुरमाड जागेवरचे उंच जोत्याचे घर बहुधा कोरडे असते. परंतु राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, कोपरगाव या कालव्याच्या पट्ट्यात काळी माती आहे व उसाला बारमाही पाणी आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या जुन्या घरांत जोत्याला ओलरोधक थर नसेल तर ओल भरावातून वर चढते. शहाबादी फरशीच्या सांध्यांत पांढरा क्षार दिसला, भिंतीच्या पायथ्याला लोणा लागलेला असला, तर ती ओलीची खूण समजावी.

चाचणी सोपी आहे. सुमारे दीड फूट लांबीरुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद कराव्यात. किमान १६ तास, शक्यतो दोन दिवस तसाच राहू द्यावा. आतून पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळवंडली तर ओल आहे. एकाच जागी नव्हे, तर मोरीच्या भिंतीजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ व मधोमध अशा तीन ठिकाणी ही चाचणी करावी. मात्र एप्रिल-मे महिन्यांत ही चाचणी फसवते. त्या दिवसांत सगळीच घरे कोरडी असतात आणि नेमकी तेव्हाच कामे जोरात असतात. म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे : पावसाळ्यात सतरंजी किंवा जानमाज उचलली तर खाली ओलसर लागते का? त्यांचे उत्तर यंत्रापेक्षा भरवशाचे असते.

थोडी ओल असेल तर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. जोडावर एक पट्टा दुसऱ्यावर वीतभर चढवून टेप लावावी आणि कडा भिंतीवर थोड्या वर घ्याव्यात. त्यावर २-३ मिलिमीटरचा फोम, मग फळी. फळीच्या पाठीला कारखान्यातूनच फोम चिकटवलेला असेल तर दुसरा फोम घालू नये. दुहेरी फोमवर फळी दबते व तिची कडा तुटते. पण ओल जास्त असेल तर प्लॅस्टिक ती थांबवत नाही, भिंतीकडे सरकवते. अशा घराचे काम स्पष्ट नाकारावे व टाइल्स सुचवाव्यात. पाण्याने न फुगणाऱ्या, दगडाची भुकटी व प्लॅस्टिक यांच्या फळ्याही बाजारात आहेत. फळी टिकते हे खरे, पण खाली साचलेल्या ओलीचा कुबट वास येतोच.

आता सपाटी. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर सर्व दिशांनी फिरवावी. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तेथे खडूने खूण करावी. हाताने घडवलेली जुनी शहाबादी यात क्वचितच पास होते. त्याआधी प्रत्येक फरशी हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहावी. पोकळ वाजणारी किंवा डुलणारी फरशी उचलून नव्या सिमेंट मालात बसवावी. उंचवटे मोझाइक पॉलिश करणाऱ्याच्या मशीनने घासून काढता येतात. गावात हे कारागीर मिळतात, त्यांना सोबत घ्यावे.

खोलगट भागासाठी आपोआप पसरणारा सिमेंटयुक्त सपाटीचा माल मिळतो. गुळगुळीत फरशीवर तो थेट ओतला तर खपली निघते. फरशी खरवडून, धूळ व तेलकटपणा काढून, कंपनीचा प्रायमर मारूनच ओतावा आणि पाणी मापूनच घालावे. जुन्या वाड्यातील चुन्याच्या भुसभुशीत जमिनीवर हा माल टिकत नाही. तेथे जमीन उकरून नवा कोबाच करावा लागतो. नव्या कोब्याला दर इंच जाडीमागे सुमारे एक महिना वाळायला द्यावा. काही जण पीओपीने खड्डे भरतात, काही वाळू किंवा घडी घातलेला पुठ्ठा घालतात. पीओपी ओलीने मऊ होतो, वाळू सरकते, पुठ्ठा दबतो. चार-सहा महिन्यांनी फळी चालताना कुरकुरू लागते.

हिशेब आधी करावा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. एका चौरस मीटरला एक मिलिमीटर जाडीसाठी दीड ते पावणेदोन किलो माल लागतो. सरासरी ३ मिलिमीटर भरायचे तर ५० ते ५८ किलो, म्हणजे २५ किलोच्या दोन-तीन गोण्या झाल्या. हे सारे फळीच्या चौरस फुटाच्या दरात बसवणारा कारागीर स्वतःची मजुरी घालवतो. दरपत्रकात जमीन तयार करण्याची रक्कम वेगळी लिहावी, ओलीच्या चाचणीची तारीख व निकाल लिहावा आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. दार घासून कमी करण्याची मजुरीही त्यातच धरावी, कारण फोम, फळी व भराव मिळून जमीन सहज १३ मिलिमीटर वर येते.

सुताराला खिळा मारण्याची सवय असते. येथे ती आवरावी लागते. भिंतीपासून चारही बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर फट सोडावी, स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, फळीला नाही. फळीची खोकी त्याच खोलीत ४८ तास आडवी, न फोडता ठेवावीत, म्हणजे खोलीच्या हवेप्रमाणे फळी आधीच फुगते किंवा आकसते. पावसाळ्यात ही मुदत कमी करू नये.